आपल्या गावाचा इतिहास आपणच राखू या



इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे रायगड येतो, पानिपत येते. आपल्या गावाला कसला आलाय इतिहास, असे आपणच म्हणतो. आज मी नेमके उलट सांगणार आहे, आणि त्याचा पुरावा आपल्या सोलापूर जिल्ह्यातलाच देणार आहे.

दक्षिण सोलापूर तालुक्यात हत्तरसंग कुडल येथे भीमा आणि सीना या नद्यांचा संगम आहे. तिथल्या संगमेश्वराच्या देवळातील एका तुळईवर शके 940 चा, म्हणजे इसवी सन 1018 चा लेख कोरलेला आहे. ज्ञानेश्वरी शके 1212 मधली. तिच्याही आधी 272 वर्षांचा हा लेख. मराठीच्या अगदी जुन्या, शकाचा उल्लेख असलेल्या लेखांत त्याची गणना होते. त्याच्या शेवटी मराठी शब्द आहेत, ‘वाछि तो विजेया होइवा’. जो वाचील तो विजयी होईल!

पण वाचणारा भेटायला किती शतके जावी लागली! लोक देवदर्शनाला येत होते, जात होते. लेख तिथेच होता. सोलापूरचे संशोधक आनंद कुंभार यांनी तो उजेडात आणला. कुंभारांनी गावोगाव पायपीट करून जिल्ह्यातले कित्येक शिलालेख धुंडाळले. देवळाच्या कोनाड्यात, शेताच्या बांधावर, जिथे दगडावर अक्षर दिसेल तिथे ते पोहोचले. इतिहासाची सेवा करायला मोठे पद लागत नाही. पाय आणि चिकाटी लागते, हे त्यांच्याकडून शिकावे.

आता दुसरे उदाहरण पाहा. पंढरपुरास विठ्ठलाच्या देवळात यादवकाळातला चौऱ्याऐंशीचा लेख आहे. शके 1195 पासूनच्या काही वर्षांत देवासाठी कोणी काय दिले, त्या दात्यांची नावे त्यात आहेत. त्या शिळेला पाठ घासली की चौऱ्याऐंशीचा फेरा चुकतो, अशी समजूत पडली. झाले! भाविकांनी पिढ्यान्‌पिढ्या पाठी घासल्या आणि अक्षरे झिजत गेली. यात वाईट हेतू कोणाचाच नव्हता. पण ज्यांनी देवाला दान दिले त्यांची नावे देवाच्याच भक्तांनी नकळत पुसली. दगडावरचे अक्षर शत्रूच्या घणाने फुटते तसे आपल्या भक्तीनेही झिजते. कुडलचा लेख वाचला गेला आणि आपल्याला लाभला. पंढरीच्या लेखाची झिजलेली अक्षरे मात्र पुन्हा उमटायची नाहीत.

तुमच्या गावच्या वेशीत किंवा मारुतीच्या पारापाशी एखादा उभा, चित्रे कोरलेला दगड आहे का? तो बहुधा वीरगळ असेल. तो खालून वर वाचायचा. तळाला लढाई आणि पडलेला वीर. कधी शेजारी गुरे दिसतात, म्हणजे गाईगुरे वाचवताना तो कामी आला. मधल्या चौकटीत अप्सरा त्याला स्वर्गाला नेतात. वर तो शिवपिंडीची पूजा करतो आहे आणि माथ्याशी चंद्रसूर्य. चंद्रसूर्य असेतो त्याची कीर्ती राहो, असा त्याचा अर्थ. एका गावी मी असाच वीरगळ पालथा घालून त्यावर धुणे धुताना पाहिले. बायकांना विचारले, तर त्या म्हणाल्या, “आमच्या सासूच्या सासूपासून हा धुण्याचाच दगड हाय.” त्यांना दोष कसा द्यावा? तो दगड काय बोलतो हे त्यांना कोणी सांगितलेच नव्हते!

शिक्षक मित्रहो, ते सांगण्याचे काम तुमचे आहे. सातवी-आठवीच्या मुलांना घेऊन एक दिवस गावाची फेरी काढा. जुने दगड, बारव, गढी, मशीद, समाधी यांची एका वहीत नोंद करा. वस्तू कुठे आहे, तोंड कोणत्या दिशेला, लांबी-रुंदी किती, माहिती कोणी सांगितली, एवढे लिहा. छायाचित्र मोबाइलने सकाळी किंवा संध्याकाळी काढा. तिरप्या उन्हात झिजलेले अक्षरही उठून दिसते. दगडाला ऑइलपेंट लावू नका, खिळ्याने अक्षरे उकरू नका, दगड जागचा हलवू नका. देऊळ पांडवांनी एका रात्रीत बांधले असे कोणी सांगितले, तर तेही जरूर लिहा. पण दंतकथा म्हणून लिहा.

शेतकरी बांधवांनो, नांगराच्या फाळाला नाणी किंवा मूर्ती लागली तर ती परस्पर विकू नका. भूमिगत धनाविषयी 1878 चा कायदा आहे. अशी वस्तू सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते. तलाठ्यांना किंवा तहसीलदारांना तरी लगेच सांगा. कुठे आणि किती खोलीवर सापडली ते लिहून ठेवा. जागा हरवली की निम्मा इतिहास हरवतो.

आणि माळ्यावरचे रुमालात बांधलेले दप्तर? 1898 साली इतिहासाचार्य राजवाड्यांनी साधनांचा पहिला खंड काढला तो अशाच घरोघरच्या कागदांतून. कागद दाखवले तर जमिनीचा वाद उठेल, ही भीती तेव्हाही होती, आजही आहे. पण मूळ कागद कोणाच्या स्वाधीन करण्याची गरज नाही. तो घरीच ठेवा, छायाचित्र द्या. कागदाला चिकटपट्टी लावू नका, लॅमिनेशन करू नका; कोरड्या सुती कापडात, ओलीपासून दूर ठेवा. मोडी वाचता येत नसेल तर राज्याच्या पुराभिलेख संचालनालयातर्फे वेळोवेळी वर्ग भरतात. पोरांना पाठवा.

दगड आणि कागद तरी थोडे थांबतील. माणसे थांबत नाहीत. 1930 साली सोलापुरात लष्करी कायदा पुकारला गेला. पुढे 12 जानेवारी 1931 रोजी मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि किसन सारडा फासावर चढले. त्या दिवसांची ऐकीव आठवण आज नातवंडांपाशी आहे. गिरणीच्या भोंग्यावर ज्यांचा दिवस उगवायचा, असे कामगार आता म्हातारे झाले आहेत. त्यांच्यापाशी बसा, विचारा, लिहून घ्या. पुढच्या दिवाळीला विचारू म्हणाल, तर तोवर सांगणारा असेलच असे नाही.

वहीच्या दोन प्रती करा. एक शाळेत ठेवा, दुसरी ग्रामपंचायतीत. जे वाचता आले नाही त्याचे छायाचित्र जवळच्या महाविद्यालयाच्या इतिहास विभागाकडे पाठवा.

हजार वर्षांपूर्वी भीमाकाठच्या कोरणाऱ्याने आपल्याला एक आशीर्वाद देऊन ठेवला आहे. तो घ्यायचा तर आधी वाचले पाहिजे. आणि वाचायचे तर अक्षर शिल्लक राहिले पाहिजे. उद्या सकाळी वेशीतून जाताना त्या दगडापाशी घडीभर थांबाल ना?