विधान मागे घेणं म्हणजे ते खोटं ठरणं का? गोखल्यांची 1897 ची माफी

'रिट्रॅक्शन' म्हटलं की बहुतेक विद्यार्थ्यांच्या डोक्यात एकच अर्थ येतो: काहीतरी खोटं होतं आणि ते पकडलं गेलं. हा अर्थ अपुरा आहे. का, ते समजायला गोपाळ कृष्ण गोखल्यांचं एक प्रकरण बघा.

1897 च्या सुरुवातीला पुण्यात प्लेग पसरला होता. रँड यांच्या प्लेग कमिटीने घरोघरी तपासणीसाठी गोरे सैनिक लावले. घरात घुसणं, सामान बाहेर काढणं, बायकांची तपासणी यांमुळे लोक संतापले होते. गोखले तेव्हा 31 वर्षांचे, फर्ग्युसन कॉलेजातले प्राध्यापक. हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी कमिशनपुढे साक्ष द्यायला ते इंग्लंडला गेले होते. तिथे त्यांना पुण्याहून पत्रं येत होती. त्या पत्रांच्या भरवशावर जुलैच्या सुरुवातीला त्यांनी 'मँचेस्टर गार्डियन'मध्ये आरोप केला की सैनिकांनी दोन स्त्रियांवर अत्याचार केले आणि त्यांपैकी एकीने जीव दिला.

आरोप पार्लमेंटपर्यंत गेला. सरकारने पुरावा मागितला. पण 22 जूनला पुण्यात रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या होत्या आणि शहरात धरपकडीची भीती होती. परत आल्यावर गोखल्यांना उघडपणे साक्ष द्यायला कोणी मिळेना. पत्रं लिहिणाऱ्यांची नावं सांगितली असती तर ते अडचणीत आले असते. गोखल्यांनी नावं सांगितली नाहीत. ऑगस्टच्या सुरुवातीला त्यांनी गव्हर्नर, प्लेग कमिटी आणि सैनिक यांची बिनशर्त माफी मागितली.

इथे थांबा आणि विचार करा, या माफीने नेमकं काय सिद्ध झालं? अत्याचार झालाच नाही, हे सिद्ध झालं का? नाही. गोखल्यांकडे तो दाखवण्याइतका पुरावा नव्हता, एवढंच सिद्ध झालं.

आजचं, आमच्या भागातलं उदाहरण घेऊ. समजा, कोराडीच्या वीज केंद्राजवळच्या एका विहिरीत जड धातू जास्त आहेत, असं तुम्ही शोधनिबंधात लिहिलंत. नंतर कळलं की उपकरणाचं कॅलिब्रेशन चुकलं होतं, म्हणून निबंध मागे घेतला. मग पाणी चांगलं ठरलं का? मुळीच नाही. त्या पाण्याबद्दल तुमच्या हातात आता पुरावा नाही, इतकाच त्याचा अर्थ. पाणी पुन्हा तपासावंच लागेल.

गोखल्यांची माफी मात्र सरसकट होती. एक विशिष्ट आरोप सिद्ध करता येत नव्हता, पण घरतपासणीबद्दलच्या बाकी तक्रारींचं काय? माफी इतकी मोठी झाली की त्या तिच्याखाली झाकल्या गेल्या. पुण्यात टीका झाली ती यामुळेच. पण दुसरी बाजूही बघा: नावं सांगून स्वतःला वाचवणं त्यांना शक्य होतं. त्यांनी बदनामी स्वतःवर घेतली. त्यातून ते संपलेही नाहीत. 1899 मध्ये ते मुंबईच्या कायदेमंडळावर गेले आणि 1905 मध्ये बनारस काँग्रेसचे अध्यक्ष झाले.

आजच्या चांगल्या नियतकालिकांत रिट्रॅक्शनची सूचना कारणासह छापतात: कोण मागे घेतंय, का घेतंय, चूक प्रामाणिक होती की लबाडी. मूळ निबंधही सहसा गायब करत नाहीत, त्यावर खूण करून ठेवतात. तुमच्यावर कधी अशी सूचना लिहायची वेळ आली तर तीन गोष्टी स्पष्ट लिहा: काय मागे घेतोय, का घेतोय आणि काय अजून टिकून आहे.

आणि मुलाखतींवर आधारलेलं काम करत असाल तर छापण्याआधीच विचारून ठेवा: उद्या पुरावा मागितला, तर माहिती देणारा माणूस समोर येईल का? येणार नसेल, तर त्याच्याशिवाय उभं राहील एवढंच विधान करा. 1897 मध्ये विधान मागे घेतल्यावर चर्चा गोखल्यांच्या अब्रूची झाली. त्या दोन स्त्रियांचं काय झालं, हा प्रश्न तसाच राहिला.