तालमीचा खुराक आणि जिममधला डबा

१/ मंडळी, या थ्रेडची सुरुवात मालगुंडच्या ओटीवर झाली. गणेशोत्सवासाठी गावी गेले असता धाकट्या चुलतभावाने मोबाइल पुढे केला. पडद्यावर प्रोटीन पावडरचा डबा आणि त्याची किंमत होती. "ताई, तू इतिहास शिकतेस ना? मग सांग, जुने पैलवान हे काही न घेता कसे घडले?" दिवसभर काम, संध्याकाळी किनाऱ्यावर धावणे आणि आठवड्यातून चार दिवस व्यायामशाळा, असा त्याचा क्रम. डब्याची किंमत त्याच्या पगाराच्या मानाने लहान नव्हती.

२/ प्रश्नातच एक चूक होती, ती आधी दुरुस्त करू. जुने पैलवान 'काही न घेता' कधीच घडले नाहीत. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातील 'मानसोल्लास' या ग्रंथात मल्लविनोदावर स्वतंत्र प्रकरण आहे. वय, देह आणि बळ यांनुसार मल्लांचे वर्ग, त्यांचा व्यायाम आणि त्यांचा आहार असा सारा तपशील तेथे येतो. मल्लांना डाळी, मांस, दूध, साखर, मिष्टान्ने पुरवावीत, आणि ती कोणी? तर राजाने. हे 'कोणी' लक्षात असू द्या. पुढे सारे त्यावरच येणार आहे.

३/ कोल्हापूरच्या तालमींत हीच व्यवस्था विसाव्या शतकापर्यंत दिसते. राजर्षी शाहू महाराजांच्या आश्रयाने दूरदूरचे मल्ल कोल्हापुरात आले. १९१२ मध्ये खासबाग मैदान उभे राहिले. दूध, तूप, मटण, बदाम घोटून केलेली थंडाई हा पैलवानाचा खुराक. परंतु पहाटेपासून जोर, बैठका आणि लाल मातीतली लढत हाच त्या माणसाचा दिवसभराचा व्यवसाय होता. खुराक त्या श्रमाच्या मापाने ठरे आणि त्याचा खर्च दरबार उचले.

४/ दरबार गेला तेव्हा काय झाले, हे खाशाबा जाधवांच्या चरित्रात स्वच्छ वाचता येते. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचा हा मल्ल १९४८ च्या लंडन ऑलिंपिकला गेला तो कोल्हापूरच्या महाराजांच्या आर्थिक साहाय्याने. तेथे सहावा आला. १ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान विलीन झाले. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकसाठी गावकऱ्यांनी पैसे गोळा केले, आणि राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण ठेवून सात हजार रुपये दिले. खाशाबांनी कांस्यपदक आणले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक.

५/ आता डब्याकडे वळू. त्याचाही इतिहास आहे आणि तो बराच रंजक आहे. एकोणिसाव्या शतकात युस्टस फॉन लीबिग या जर्मन रसायनशास्त्रज्ञाचे मत प्रमाण मानले जाई: स्नायू काम करतात ते स्वतःतील प्रथिने जाळून, म्हणून श्रम अधिक तर प्रथिने अधिक. १८६५ मध्ये फिक आणि विस्लिसेनस हे दोन संशोधक प्रथिनरहित आहार घेऊन स्वित्झर्लंडमधील फाउलहॉर्न शिखर चढले. वाटेत लघवी साठवून त्यांनी तिच्यातील नायट्रोजन मोजला. खर्ची पडलेल्या प्रथिनांतून त्या चढाईची ऊर्जा निघणे अशक्य होते. श्रमाचे मुख्य इंधन पिष्ट आणि स्निग्ध पदार्थ हेच. लीबिगचा सिद्धान्त कोसळला. बाजारातील समजूत मात्र कोसळली नाही.

६/ ती विकणाऱ्यांत एक नाव आपल्या कपाटात आजही आहे: सँडो. होय, सँडो बनियनमधला तोच! युजेन सँडो या बलोपासकाने 'प्लाझमॉन' नावाच्या दुधाच्या प्रथिनांच्या भुकटीची जाहिरात केली. म्हणजे 'पिळदार देह दाखवा, डबा विका' ही युक्ती सव्वाशे वर्षांची जुनी. १९०४-०५ मध्ये तो भारतातही प्रयोग करून गेला. औंधचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सँडोच्या पद्धतीने सुमारे दहा वर्षे व्यायाम केला, आणि पुढे ते वळले सूर्यनमस्कारांकडे, ज्यांना साधन लागत नाही आणि डबाही लागत नाही.

७/ मग पावडर निरुपयोगी आहे का? तसे म्हणणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. फिक-विस्लिसेनस यांनी इंधनाचा प्रश्न सोडवला. स्नायूंच्या बांधणीला प्रथिने लागतातच. २०१८ मध्ये ४९ चाचण्यांचे, म्हणजे १,८६३ व्यक्तींचे, एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध झाले. वजनाच्या व्यायामासोबत पूरक प्रथिने घेतल्याने चरबीविरहित वजनात पडलेली अधिकची भर सरासरी ०.३ किलो होती. आणि दिवसाला, शरीराच्या दर किलो वजनामागे, एकूण सुमारे १.६ ग्रॅम प्रथिनांच्या पुढे लाभ वाढताना दिसला नाही. ही प्रथिने भुकटीतूनच यावीत असा काही दंडक नाही.

८/ भावासोबत ओटीवरच हिशेब मांडला. त्याचे वजन ६० किलो. भारतीयांसाठीची साधारण शिफारस ०.८३ ग्रॅम, म्हणजे दिवसाला ५० ग्रॅम. वरची मर्यादा धरली तर ९६. दोन मध्यम बांगडे सुमारे ३०, दोन अंडी १२, दोन वेळचा भात २० च्या आसपास, कुळथाची पिठी १०, पेलाभर दूध ८, मूठभर शेंगदाणे ७. बेरीज ८७. ज्या पिठीला तो गरिबाचे जेवण म्हणून नाक मुरडतो, त्या कुळथात १०० ग्रॅममागे साधारण २२ ग्रॅम प्रथिने असतात.

९/ त्याची हरकतही रास्त होती: "आणि पावसाळ्यात?" १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद, मग श्रावण. ताटातली प्रथिने खरोखर घटतात ती तेव्हा. सुकट, अंडी, डाळी, दूध यांनी ही तूट भरते. ज्याला तेही जमत नाही, त्याला भुकटी सोयीची म्हणून चालेल. मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्याने मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय तिला हात लावू नये.

१०/ त्याचा पुढचा प्रश्न क्रिएटिनचा. शेव्हरल या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८३२ मध्ये ते मांसात शोधले. थोड्या वेळाच्या, जोरकस श्रमात ते खरोखर उपयोगी पडते. सगळ्या दुकानात बहुधा सर्वांत भक्कम पुरावा त्याचाच. पण किनाऱ्यावर पाच किलोमीटर धावणाऱ्याला त्यातून फारसे काही मिळत नाही. प्री-वर्कआउटमधला मुख्य परिणामकारक पदार्थ बहुतेक वेळा कॅफीन, म्हणजे महाग कॉफी. पुरेशी प्रथिने खाणाऱ्याला बीसीएए निराळे घेण्याचे कारण नाही.

११/ शिवाय डब्यावर लिहिलेले डब्यात असेलच असे नाही. २०२४ मध्ये भारतात विकल्या जाणाऱ्या ३६ प्रथिन-पूरकांची तपासणी प्रसिद्ध झाली; सुमारे ७० टक्क्यांवरील प्रथिनांची माहिती चुकीची निघाली. तालमीत वस्तादाच्या देखत बदाम घोटले जात, तेव्हा निदान बदाम दिसत तरी होते.

१२/ मला इतिहासाची विद्यार्थिनी म्हणून खटकते ते हे. खुराक ही दरबारने व्यावसायिक मल्लावर केलेली गुंतवणूक होती. आज तोच खुराक हौशी मुलाला विकला जातो. त्याच्याकडे मल्लाचे श्रम नाहीत, विश्रांती नाही, वस्ताद नाही, आणि खर्च मात्र दरबाराचा, स्वतःच्या खिशातून.

१३/ भावाने डबा अजून मागवलेला नाही. ऑनलाइन टोपलीत ठेवला आहे, असे म्हणतो. परवा काकूचा फोन आला होता: "काय सांगून गेलीस गो त्याला? रोज पिठी मागतोय."