२√२ ची मर्यादा आणि अभिजात तरंग

पुंजयामिकीच्या इतिहासात २√२ ही संख्या प्रथम आली ती एक भाकित म्हणून; तिला मर्यादेचे स्थान मागाहून मिळाले. जॉन बेल यांनी १९६४ साली मांडलेल्या असमतेला क्लॉझर, होर्न, शिमनी व होल्ट यांनी १९६९ मध्ये प्रयोगसुलभ रूप दिले. दोन दूरस्थ मापने परस्परांवर परिणाम करीत नसतील व त्यांचे निष्कर्ष समाईक पूर्वकारणांनी ठरत असतील, तर चार सहसंबंधांची एक विशिष्ट बेरीज २ च्या वर जाऊ शकत नाही. पुंजयामिकीप्रमाणे ती २.८२८ पर्यंत जाते. बीजगणिताची आडकाठी मात्र थेट ४ ला आहे. मग निसर्ग मध्येच का थांबतो?

लेनिनग्राडचे गणितज्ञ बोरिस त्सिरेल्सन यांनी १९८० साली दाखविले की, असे सर्व पुंज-सहसंबंध एकक सदिशांच्या अदिश गुणाकारांच्या रूपात लिहिता येतात. २√२ ची मर्यादा त्या भूमितीतूनच निघते. पुढे १९९४ मध्ये पोपेस्कू व रोरलिख यांनी सिद्ध केले की, प्रकाशाहून शीघ्र संदेश जाऊ नये एवढीच अट घातली तर ४ हे मूल्यही निषिद्ध ठरत नाही. तेव्हा बंधन आहे ते सदिशांचे. आणि सदिश ही काही पुंजयामिकीची खाजगी मालमत्ता नव्हे. माल्यूसचा ध्रुवणविषयक नियम १८०९ चा. त्यातील कोज्येचा वर्ग हाही सदिशाच्या प्रक्षेपाचाच परिणाम होय.

हा धागा ॲमस्टरडॅमच्या स्प्रेऊ यांनी १९९८ साली उचलला. एकच प्रकाशशलाका दोन मार्गांत विभागावी. एका मार्गात ध्रुवण आडवे, दुसऱ्यात उभे ठेवावे. मार्ग व ध्रुवण हे दोन गुण आता सुटे करून लिहिता येत नाहीत. दोहोंचे विश्लेषण निरनिराळ्या कोनांत करून तीव्रतांची प्रमाणे घेतली, तर तत्त्वतः नेमके २.८२८ हेच मूल्य येते. २०१५ साली रॉचेस्टर येथे एबर्ली व त्यांच्या सहकाऱ्यांनी सांख्यिकीय दृष्ट्या अभिजात प्रकाश वापरून २ ची मर्यादा प्रत्यक्ष ओलांडली.

यावरून तरंगांनी पुंजयामिकीचे कोडे सोडविले असे मानणे घाईचे होईल. ‘अभिजात गुंतागुंत’ या नावानेच पुष्कळ घोटाळा केला आहे. येथे दोन्ही गुण एकाच शलाकेचे आहेत; त्यामुळे बेल यांचे दूरस्थतेचे गृहीतक मुळात कसोटीलाच लागत नाही. स्वतः स्प्रेऊ यांनी ही उणीव स्पष्ट नोंदविली होती. आता तेच तरंग दोन ठिकाणी पाठवून पाहावे. दोहोंना समाईक परंतु यदृच्छ ध्रुवण दिले आणि प्रत्येक ठिकाणी माल्यूसच्या नियमाने तीव्रता मोजली, तर सरासरीत सहसंबंध निम्मा होतो व बेरीज √२, म्हणजे १.४१४ एवढीच भरते! दुसरी कोणतीही स्थानिक युक्ती योजिली, तरी सर्व मापने हिशेबात धरल्यास २ ची रेषा ओलांडता येत नाही.

त्याच २०१५ साली डेल्फ्ट येथे, १.३ किलोमीटर अंतरावरील दोन हिऱ्यांतील इलेक्ट्रॉनांवर २४५ चाचण्या झाल्या. एकही चाचणी न वगळता आलेले मूल्य २.४२ होते, अनिश्चितता ०.२०.