भटक्या कुत्र्याच्या पिल्लाचे तात्पुरते संगोपन

भटक्या कुत्र्याच्या पिल्लाचे तात्पुरते संगोपन म्हणजे रस्त्यावरून सोडवून आणलेल्या, मालक नसलेल्या पिल्लाला कायमचे घर मिळेपर्यंत एखाद्या कुटुंबाने आपल्या घरी सांभाळणे होय. प्राणिमित्र व स्वयंसेवी संस्था यासाठी बहुधा 'फॉस्टर' हा इंग्रजी शब्दच वापरतात. दत्तक घेणारा पालक पिल्लाची आयुष्यभराची जबाबदारी स्वीकारतो. तात्पुरता पालक मात्र पिल्लू दुसऱ्याच्या हाती सुखरूप सोपवण्यासाठीच वाढवतो. हा काळ काही दिवसांपासून काही महिन्यांपर्यंत असू शकतो.

पार्श्वभूमी

निराधार प्राण्यांना आश्रय देण्याची परंपरा पश्चिम भारतात जुनी आहे. भटकी कुत्री मारण्याच्या सरकारी मोहिमेवरून १८३२ साली मुंबईत दंगल झाली. त्यानंतर १८३४ मध्ये सर जमशेटजी जीजीभाई व अमीचंद शाह यांच्या पुढाकाराने भुलेश्वर भागात पांजरपोळ स्थापन झाली. पुढे १८७४ मध्ये प्राण्यांवरील क्रूरतेस प्रतिबंध करणारी संस्था मुंबईत सुरू झाली आणि १८८३ मध्ये परळ येथे बाई साकरबाई दिनशा पेटिट पशुरुग्णालय उभे राहिले. या संस्थांमध्ये अनेक प्राणी एकत्र ठेवले जातात. लहान पिल्लांसाठी अशी गर्दीची जागा संसर्गामुळे धोक्याची ठरते. त्यामुळे पिल्लांपुरता घरगुती संगोपनाचा पर्याय पुढे आला.

रस्त्यावर जन्मलेल्या पिल्लांपैकी फार थोडी जगतात. कोलकाता येथील भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थेच्या (आयसर) संशोधकांनी पश्चिम बंगालमधील ३६४ पिल्लांचे निरीक्षण करून २०१६ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यानुसार सुमारे १९ टक्केच पिल्ले प्रजननक्षम वयापर्यंत, म्हणजे सातव्या महिन्यापर्यंत पोचली. सुमारे ६३ टक्के मृत्यूंमागे प्रत्यक्ष वा अप्रत्यक्षपणे माणूस कारणीभूत होता.

संज्ञा व जात

भारतातील रस्त्यांवरील बहुसंख्य कुत्री देशी किंवा मिश्र वंशाची असतात. बोलीभाषेत त्यांना 'गावठी' म्हणतात. अलीकडे 'इंडी' हा शब्दही रूढ झाला आहे. शहरांमध्ये पाळीव विदेशी जातींशी संकर झालेली पिल्लेही आढळतात. आईबाप माहीत नसल्यास पिल्लू मोठेपणी किती वाढेल किंवा त्याचा स्वभाव कसा होईल, हे रूपावरून नेमके सांगता येत नाही. ही गोष्ट दत्तक घेणाऱ्यास आधीच सांगणे आवश्यक असते.

पिल्लू उचलण्यापूर्वी

एकटे दिसणारे प्रत्येक पिल्लू अनाथ नसते. कुत्री अन्नाच्या शोधात काही तास दूर जाते. म्हणून पिल्ले तत्काळ धोक्यात नसतील, तर लांबून लक्ष ठेवून आईची वाट पाहावी. आईचे दूध आणि भावंडांचा सहवास पिल्लास किमान आठ आठवडे मिळणे हितावह असते. खेळताना किती जोरात चावावे, हे पिल्लू प्रामुख्याने भावंडांकडूनच शिकते. आई मेलेली असणे, पिल्लू जखमी किंवा आजारी असणे, अथवा ते वाहत्या रस्त्यावर असणे ही त्याला ताब्यात घेण्याची योग्य कारणे आहेत.

ऊब व आहार

पहिल्या दोन-तीन आठवड्यांत पिल्लास स्वतःच्या शरीराचे तापमान राखता येत नाही. त्यामुळे टॉवेलात गुंडाळलेली गरम पाण्याची बाटली आणि जुन्या सुती कपड्यांचे अंथरूण यांची सोय करावी लागते. अंग गार पडलेल्या पिल्लास आधी ऊब द्यावी व मगच दूध पाजावे, कारण थंड शरीरात अन्नाचे पचन होत नाही.

कुत्रीच्या दुधात गाईच्या दुधापेक्षा प्रथिने व स्निग्धांश बरेच जास्त आणि दुग्धशर्करा कमी असते. नुसत्या गाईच्या दुधावर वाढवलेल्या पिल्लास जुलाब होण्याचा व त्याची वाढ खुंटण्याचा संभव असतो. म्हणून पिल्लांसाठी मिळणारी तयार दूधभुकटी वापरतात. दूध पाजताना पिल्लू पोटावर असावे. उताणे धरल्यास दूध श्वासनलिकेत जाऊ शकते. तीन आठवड्यांहून लहान पिल्लास स्वतःहून मलमूत्र विसर्जन करता येत नाही. त्यासाठी आई त्याला चाटते, तेच काम पालकास कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसाने करावे लागते.

साधारण चौथ्या आठवड्यापासून मऊ अन्न सुरू करतात. पाण्यात भिजवलेला पिल्लांचा तयार आहार, मऊ भात आणि हाडे काढलेले उकडलेले चिकन हे पदार्थ प्रचलित आहेत. तीन महिन्यांपर्यंत दिवसातून चार वेळा थोडे थोडे खाऊ घालतात. चॉकलेट, द्राक्षे, मनुका, कांदा आणि लसूण हे पदार्थ कुत्र्यांना विषारी आहेत. शिजवलेली हाडे फुटून आतड्यास इजा करू शकतात.

आरोग्य व लसीकरण

या वयातील सर्वांत घातक आजारांमध्ये पार्वो व डिस्टेंपर यांचा समावेश होतो. पार्वो विषाणूची साथ १९७८ च्या सुमारास जगभर पसरली. उलट्या, रक्तमिश्रित दुर्गंधीयुक्त जुलाब आणि ग्लानी ही त्याची लक्षणे असून उपचारास काही तासांचा उशीरही जिवावर बेतू शकतो. हा विषाणू जमिनीत व वस्तूंवर अनेक महिने टिकतो. ज्या घरात पार्वोचे पिल्लू दगावले आहे, तेथे लसीकरण पूर्ण न झालेले दुसरे पिल्लू लगेच आणू नये. घरात आधीपासून कुत्रा असेल, तर नवे पिल्लू साधारण दोन आठवडे वेगळ्या खोलीत ठेवतात.

लसीकरण सहाव्या ते आठव्या आठवड्यात सुरू होते आणि तीन ते चार आठवड्यांच्या अंतराने सोळाव्या आठवड्यापर्यंत चालते. आईकडून आलेली प्रतिपिंडे लसीचा परिणाम रोखू शकतात. प्रत्येक पिल्लात ती वेगवेगळ्या वेळी संपत असल्याने लसीच्या मात्रा पुन्हा पुन्हा द्याव्या लागतात. रेबीजची पहिली लस सामान्यतः तीन महिन्यांचे झाल्यावर देतात. गोलकृमी जन्मापूर्वीच आईकडून पिल्लात येऊ शकतात आणि ते माणसांनाही बाधतात. म्हणून जंतनाशक औषध पशुवैद्याच्या सल्ल्याने लवकर सुरू करतात. गोचीड व पिसवांवरची काही औषधे लहान पिल्लांना घातक असल्याने तीही वजन व वय पाहूनच वापरावी लागतात.

रस्त्यावरच्या पिल्लाचा दात किंवा नख लागून त्वचा फाटल्यास जखम साबण व वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुऊन त्याच दिवशी डॉक्टरकडे जाणे आवश्यक आहे. पिल्लू लहान आहे म्हणून त्याला रेबीज नसेल, हा समज चुकीचा आहे.

माणसाळवणे

अमेरिकेतील जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर यांनी कुत्र्यांच्या वर्तनावर केलेले दीर्घ संशोधन १९६५ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले. साधारण तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यादरम्यान पिल्लू माणसांशी व परिसराशी सहज नाते जोडते, असे त्यातून दिसून आले. या काळात माणसांचा स्पर्श न लाभलेली पिल्ले पुढे भित्री राहतात. म्हणून कुकरची शिट्टी, मिक्सर, दारावरची घंटा, लहान मुले आणि वृद्ध माणसे यांची पिल्लास हळूहळू ओळख करून देतात. महाराष्ट्रात गणेशोत्सवातील ढोलताशे आणि दिवाळीतील फटाके यांचाही विचार करावा लागतो. भेदरलेल्या पिल्लास आवाजाजवळ ओढत नेल्यास भीती वाढते.

संगोपनातील मुख्य पेच येथेच आहे. पिल्लाने जग पाहण्याचे आठवडे आणि लसीचे पूर्ण संरक्षण नसण्याचे आठवडे एकच असतात. रस्त्यावर वा प्राण्यांच्या गर्दीत ठेवल्यास त्याला संसर्गाचा धोका असतो आणि पिंजऱ्यात एकटे ठेवल्यास त्याचे माणसाळणे राहून जाते. घरात या दोन्ही गोष्टी साधता येतात. पिल्लाला जमिनीवर न सोडता कडेवर घेऊन बाहेरचे जग दाखवणे, हा त्यावरील सोपा उपाय आहे.

दत्तक देणे

पिल्लू साधारण आठ आठवड्यांचे आणि निरोगी झाल्यावर त्याच्यासाठी कायमचे घर शोधतात. इच्छुक कुटुंबाची भेट घेणे, घरातील सर्वांची संमती विचारणे, घर भाड्याचे असल्यास घरमालकाची परवानगी पाहणे आणि खिडक्या-गच्ची सुरक्षित आहेत का हे तपासणे, असा क्रम सामान्यतः पाळला जातो. लसीकरणाची नोंदवही सोबत देतात. योग्य वयात नसबंदी करण्याची आणि सांभाळणे अशक्य झाल्यास पिल्लू परत करण्याची हमी लेखी घेतात.

महाराष्ट्रात दत्तात्रेयाच्या चित्रात चार कुत्री असतात आणि खंडोबाच्या उपासनेतही कुत्र्याला मान आहे. तरीही पाळण्यासाठी विदेशी जातीच्या पिल्लांना अधिक पसंती मिळते. मादी पिल्लांना घर मिळणे विशेष कठीण जाते.

कायदेशीर बाजू

प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्यातील कलम ११ नुसार, उपासमार किंवा तहानेने हाल होतील अशा स्थितीत प्राण्यास विनाकारण सोडून देणे हा गुन्हा आहे. भटक्या कुत्र्यांची नसबंदी व लसीकरण यांसाठी २००१ चे नियम होते. त्यांची जागा २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनी घेतली. सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०२५ रोजी दिल्ली परिसरातील भटक्या कुत्र्यांविषयी दिलेल्या आदेशात, ती दत्तक घेण्यासाठी महापालिकेकडे अर्ज करण्याची मुभा दिली आणि दत्तक घेतलेले कुत्रे पुन्हा रस्त्यावर येऊ न देण्याची जबाबदारी अर्जदारावर ठेवली. मुंबई, पुणे आदी शहरांत पाळीव कुत्र्यासाठी महापालिकेचा परवाना घ्यावा लागतो.

अडचणी

औषधोपचाराचा खर्च, रात्रीची जागरणे, शेजाऱ्यांच्या तक्रारी आणि घर मिळण्यास होणारा विलंब या नेहमीच्या अडचणी आहेत. म्हणून खर्च कोण करणार आणि घर न मिळाल्यास पिल्लू कोठे जाणार, हे संस्थेशी आधीच ठरवून घेणे इष्ट असते. लळा लागल्याने पालकाने पिल्लू स्वतःच ठेवून घेतल्यास त्याला स्वयंसेवक विनोदाने 'फॉस्टर फेल' म्हणतात. त्या पिल्लाचे भले होते. पण अनेकदा पुढच्या पिल्लासाठी ते दार बंद होते. दुसरीकडे, निरोप देणे असह्य होईल या भीतीने पुष्कळ लोक हे काम हाती घेत नाहीत. दत्तक दिल्यानंतर पहिले काही दिवस पिल्लू कमी खाणे किंवा रात्री रडणे संभवते. त्याच्या अंगाचा वास असलेला जुना कपडा सोबत दिल्यास आणि आहार तोच ठेवल्यास नव्या घरी रुळणे त्याला सोपे जाते.