बाळाला दुखतं का?

गेल्या वर्षी आमच्या नातीला डोंबिवलीहून ठाण्याच्या एका रुग्णालयात नेलं. वय अडीच वर्षं, हृदयाच्या पडद्याला छिद्र. आदल्या संध्याकाळी भूलतज्ज्ञ बाई म्हणाल्या, "आजोबा, भूल दिल्यावर पाठीत दोन्ही बाजूंना एकेक सुई देणार आहोत. छातीच्या नसा बधिर राहतील, जागी झाल्यावर कमी दुखेल." मी विचारलं, "पूर्वी काय करत?" "ते वाचाल तर झोप लागायची नाही," त्या म्हणाल्या. मी वाचलं.

भुलेचा इतिहास आपण १८४६ च्या बॉस्टनमधल्या ईथरपासून सांगतो. १८८४ मध्ये कार्ल कोलरने कोकेनने डोळा बधिर केला, १८९८ मध्ये ऑगस्ट बिअरने कण्यात सुई घालून पाय. तान्ह्यांच्या वाट्याला यातलं थोडंच आलं. त्यांच्या मज्जातंतूंवरचं आवरण अपुरं, म्हणून त्यांना वेदना नीट कळत नाही, हे मत विसाव्या शतकात बराच काळ टिकलं. नाजूक बाळ भुलेनेच दगावेल ही भीतीही होती, आणि ती अगदीच खोटी नव्हती.

१९८५ मध्ये वॉशिंग्टनला अपुऱ्या दिवसांच्या एका बाळाची हृदयाजवळची रक्तवाहिनी बांधली. जन्मानंतर ती आपोआप मिटायला हवी होती. औषध दिलं ते फक्त स्नायू लुळे पाडणारं. बाळाला हलता येत नव्हतं, रडता येत नव्हतं. दुखत मात्र होतं. बाळ पुढे गेलं. आईने चौकशी केली तेव्हा हे कळलं, आणि तिने ते जगापुढे मांडलं. बाळ गेल्यावर वैद्यकाचं दार ठोठावणारी आई आपल्याला नवी नाही. कल्याणला जन्मलेल्या आनंदीबाई जोशींचा मुलगा दहा दिवसांचा होऊन गेला. त्या १८८६ मध्ये अमेरिकेतून डॉक्टर झाल्या.

इंदूरला वैद्यकी शिकलेले डॉ. कंवलजीत सिंग आनंद तेव्हा ऑक्सफर्डला हेच मोजत होते. शस्त्रक्रिया तीच, बाळं अपुऱ्या दिवसांचीच. एका गटाला नायट्रस ऑक्साइड आणि स्नायू शिथिल करणारं औषध, दुसऱ्याला त्याबरोबर फेंटानिल. पहिल्या गटाच्या रक्तात ताणाची संप्रेरकं भडकली, गुंतागुंतही जास्त झाली. १९८७ मध्ये हे 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं आणि वाद फिरला.

पण फेंटानिल, मॉर्फिनने श्वास मंदावतो, मूल व्हेंटिलेटरवर रेंगाळतं. कण्यात सुई घालावी, तर हार्ट-लंग मशीनसाठी रक्त पातळ करणारं हेपारिन द्यावं लागतं. कण्यात रक्त साचलं तर पाय जायची धास्ती. २०१६ मध्ये कॅनडातल्या मॉरिसिओ फोरेरो आणि सहकाऱ्यांनी वेगळी जागा दाखवली: सोनोग्राफीत पाहत, कण्यालगतच्या स्नायूखाली, मणक्याच्या आडव्या हाडाच्या टोकाशी औषध सोडायचं. कण्याच्या नळीत शिरायचंच नाही. औषध तिथून नेमकं कुठवर पसरतं यावर तज्ज्ञ अजून भांडतात. तरी २०२० मध्ये छापलेल्या, छातीचं मधलं हाड कापलेल्या ८० मुलांच्या भारतीय अभ्यासात, सुई दिलेल्या मुलांना सुरुवातीच्या तासांत कमी दुखलं.

मुलांच्या मोफत तपासणी-उपचारांचा 'राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम' ६ फेब्रुवारी २०१३ ला पालघरमध्ये सुरू झाला. पालघर तेव्हा ठाणे जिल्ह्यातच होतं. त्यातून हृदयाच्या शस्त्रक्रियेचा खर्च भागतो. ही सुई मात्र त्या दिवशी ती येणारा भूलतज्ज्ञ हजर असेल तरच मिळते, आणि ते आईबापांना विचारायला सुचतही नाही. मलाही सुचलं नव्हतं.

नात दुसऱ्या दिवशी जागी झाली, पाणी मागितलं, मग घरची गोधडी. रडली ती हातावरची चिकटपट्टी काढताना.