बहात्तरचं अंदाजपत्रक

१९७२ च्या दुष्काळात आमच्या ग्रामपंचायतीचं अंदाजपत्रक वहीच्या एका पानावर मावलं. १९५८ च्या कायद्यानं पंचायतीला घरपट्टीचा हक्क दिलेला. पण वसूल करायची कुणाकडून? निम्मं गाव खडी फोडायला गेलेलं, घरात मिलोच्या भाकरी. तरी ग्रामसेवकानं दरसालचाच जमेचा आकडा लिहिला.

"भाऊसाहेब, हे येणार कुठनं?" शिपायानं विचारलं. त्याचा पगार त्याच जमेतून निघायचा ना! पेटीत तर खडखडाट.

थकबाकीदाराच्या घरावर जप्ती नेता येत होती. तसा विषय कुणी काढला नाही, हे बरंच झालं. दिवाबत्तीचं रॉकेल तोडलं, आडातला गाळ काढायला पैसे ठेवले. शिपायाला निम्मा पगार, बाकीचा सुगीला. रात्री बायका अंधारातच आडावर घागरींची रांग लावायच्या.