जलसंजीवनीची गोष्ट



माझा धाकटा दीड वर्षाचा असताना एका रात्री त्याला उलट्या-जुलाब सुरू झाले. "पाणी देऊ नकोस, पोटात ठरत नाही," असं सासूबाई म्हणाल्या आणि मी ऐकलं. सकाळी त्याचे डोळे खोल गेले होते, रडताना अश्रू येत नव्हते. डॉक्टरांनी जलसंजीवनीचं पाकीट कालवून चमच्यानं पाजायला लावलं. दुपारी त्यानं लघवी केली, तेव्हा माझ्या जिवात जीव आला.

त्या पाकिटामागचा इतिहास मी नंतर वाचला.

१९७१ साली बांगलादेश मुक्तिसंग्रामात लाखो निर्वासित पश्चिम बंगालमध्ये आले. सीमेवरच्या बनगाव इथल्या छावणीत पटकी पसरली. रोगी जमिनीवर पडलेले, सलाईन संपत आलेलं. तेव्हा कोलकात्याहून आलेले बालरोगतज्ज्ञ डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, खायचा सोडा आणि ग्लुकोज पाण्यात मिसळून पिंपं भरली. त्यांना तोट्या लावल्या आणि रोग्यांच्या नातेवाइकांनाच पेल्यानं पाजायला सांगितलं. अशा उपचारावर तेव्हा अनेक डॉक्टरांचा विश्वास नव्हता. पण जिथं शंभरातले तीसेक दगावत होते, तिथं हे प्रमाण चारच्या आत आलं.

यामागचं कारण साधं आहे. जुलाबातही आतडं ग्लुकोजबरोबर मीठ शोषून घेतं आणि मिठामागोमाग पाणी शरीरात जातं. जुलाब लगेच थांबत नाहीत, पण गेलेलं पाणी भरून निघतं.

१९७८ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकानं हा शोध शतकातला बहुधा सर्वांत महत्त्वाचा ठरेल असं म्हटलं. डॉ. महालनबीस २०२२ मध्ये गेले. पद्मविभूषण २०२३ मध्ये, मरणोत्तर मिळालं.

आपल्या घरी पाणी गाळून-उकळून ठेवलेलं असतंच. पाकिटावर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात ते कालवा. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट छोटे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. मीठ जास्त नको. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबा, मग पुन्हा चमचा-चमचा द्या. अंगावरचं दूध चालू ठेवा. मूल सुस्त झालं, लघवी बंद झाली, शौचात रक्त दिसलं किंवा पोटात काहीच टिकेना, तर दवाखाना गाठा.

सासूबाईंना हे सगळं वाचून दाखवलं. आता औषधांच्या डब्यात पाकीट आहे की नाही, हे त्याच बघतात.